पांढऱ्या टोपाचा राग

मी एक जुना पांढरा टोप आहे. तुम्ही विग म्हणत असाल, पण नाटकवाले मला टोप म्हणतात आणि मी नाटकात जन्मलो, म्हणून मी टोपच. मित्रांनो, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, मोडक्या छत्रीची कहाणी, असं तुम्ही शाळेत पुष्कळ लिहिलं असेल. ती पुस्तकं आणि छत्र्या शेवटी गरीब आवाजात म्हणतात, आम्हाला जपा. माझा आवाज गरीब नाही. मी रागावलेलो आहे आणि राग आवरून बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

राग कशाचा, तेही आधीच सांगून टाकतो. जिच्या डोक्यावर मी पंचेचाळीस वर्षं बसलो, त्या नटीची एक भूमिका होती. सत्तर वर्षांची एक म्हातारी. ती म्हातारी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतली. घेणारा परका असता तर मी एवढा पेटलो नसतो. तो घरचा म्हणवणारा होता.

माझा जन्म टोपकाकांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, तिच्यात एक खिडकी, एक स्टूल आणि फळीवर ओळीने मांडलेली सात लाकडी डोकी. टोप करायचा म्हणजे आधी डोक्याच्या मापाची जाळी शिवायची आणि मग आकडीच्या सुईने तिच्यात एकेक केस गाठ मारून ओवायचा. एकेक, बरं का. काळे केस बाजारात हवे तेवढे मिळतात. लांब पांढरे केस मिळणं मात्र कर्मकठीण, कारण पांढरे होईपर्यंत ते विरळ झालेले असतात आणि म्हाताऱ्या बायका ते विकत नाहीत. टोपकाकांच्या आईने फणीत अडकलेले आपले केस आठ वर्षं एका कापडी पिशवीत जमवून ठेवले होते. मुलाच्या धंद्याला कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. त्या गुंत्यातला प्रत्येक केस सोडवायचा, मूळ एकीकडे आणि टोक दुसरीकडे असा लावायचा, हे करता करता काकांच्या नाकी नऊ आले. सात आठवड्यांनी मी तयार झालो. काकांनी मला लाकडी डोक्यावर बसवलं आणि आईला हाक मारली. म्हातारी आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भांग चुकलाय. मी डावीकडे पाडते." काकांनी तो पुन्हा पाडला.

माझं माप घेतलं होतं नाटक कंपनीच्या मोठ्या बाईंच्या डोक्याचं. नाटक होतं एका म्हातारीचं. तिचे तीन मुलगे तिला घराबाहेर काढायला बघतात आणि शेवटी तीच त्या तिघांना बाहेर काढते. मोठ्या बाईंनी मला डोक्यावर चढवलं, आरशात बघितलं आणि मेलेलं मांजर उचलावं तसं दोन बोटांनी काढून टेबलावर टाकलं. "हे एकदा घातलं की उद्यापासून मला कुणी नायिका देणार नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या. पहिला प्रयोग पंधरा दिवसांवर आलेला. नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते डोक्याला हात लावून बसले.

त्याच नाटकात धाकट्या सुनेचं चार वाक्यांचं काम एक तेवीस वर्षांची मुलगी करत होती. कंपनीत सगळ्यांत लहान, म्हणून तिला छोटी म्हणत. तालमीला विसरलेली वाक्यं सांगायलाही तीच बसायची, त्यामुळे म्हातारीची सगळी वाक्यं तिला पाठ होती. "छोटी, तू घाल बरं हा टोप," मास्तर म्हणाले. तिने घातला. तिचं डोकं मोठ्या बाईंपेक्षा लहान होतं. मी भोवऱ्यासारखा फिरायला लागलो. नवी जाळी शिवायला वेळ नव्हता, म्हणून मला चौदा पिनांनी तिच्या वेणीला घट्ट बांधलं. रोज तिचं डोकं दुखायचं. तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं रडगाणं इथून सुरू होतं. शेवटच्या प्रवेशात म्हातारी तिन्ही मुलांकडून घराच्या किल्ल्या परत घेते. थोरल्याकडून घेते, मधल्याकडून घेते. धाकटा तिचा लाडका. त्याला वाटतं आपण वाचलो. मग म्हातारी त्याच्यापुढे हात पसरते आणि म्हणते, "तू पण." नाटकातलं हे शेवटचं वाक्य, दोन शब्दांचं. पहिल्या प्रयोगात मधल्याची किल्ली घेताना छोटीची एक पिन सुटली, मग दुसरी सुटली आणि मी कपाळावरून सरकायला लागलो. तिने पटकन डावा हात डोक्याला लावून मला धरलं. तोंड उघडलं असतं तर कपाळ हललं असतं आणि कपाळ हललं असतं तर मी थेट जमिनीवर. म्हणून ती बोललीच नाही. उजव्या हाताची बोटं माझ्या कडेखाली घालून ती सुटलेली पिन शोधत राहिली आणि डोळे धाकट्यावर ठेवून नुसती उभी राहिली. मी मोजलं. अकरा आकडे झाले. थिएटरात एवढी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. लोकांना वाटलं, म्हातारी ठरवते आहे. पोटच्या लाडक्याला हाकलावं की नाही, हे ती आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर ठरवते आहे. पिन बसली. तिने हात पुढे केला. "तू पण."

मी तिच्या डोक्यावर होतो, म्हणून मला माहीत आहे. टाळ्या थांबेपर्यंत तिने मला गच्च धरून ठेवलं होतं. मास्तर विंगेत आले. ती रडत म्हणाली, "मास्तर, पिन सुटली होती, उद्यापासून असं नाही होणार." मास्तर म्हणाले, "उद्यापासून असंच होणार. हा पॉज आता तुझा. मीसुद्धा त्याला हात लावणार नाही."

त्या नाटकाचे अकराशे चाळीस प्रयोग झाले. काकांनी माझी जाळी तिच्या मापाची करून दिली, पिना कधी सुटल्या नाहीत, पण ती रोज हात डोक्याला लावायची आणि रोज अकरा आकडे थांबायची. गावोगावी बसने जाणं, पत्र्याच्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली रंगणं, प्रयोग संपला की मला विंचरून उपड्या पातेल्यावर ठेवणं, हे तिचं आयुष्य झालं. कंपनीच्या दिवेवाल्याशी तिने लग्न केलं. लेक पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती शाल गुंडाळून उभी राहिली. सत्तरीची म्हातारी गरोदर होती आणि एकाही समीक्षकाला कळलं नाही!

मास्तरांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून त्यांचा मुलगाही दौऱ्यावर यायचा. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. कपड्यांच्या पेटीत गादी घालून त्याला विंगेत निजवायचे. दोन अंकांच्या मधल्या वेळात छोटी त्याला मांडीवर घेऊन भरवायची. पहिल्यांदा तो मला बघून भोकाड पसरायचा. मग सवय झाली आणि माझी बट ओढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना. तो तिला मावशी म्हणायचा. स्वतःच्या लेकीला घरी आजीकडे ठेवून तिने या बारक्याला वाढवलं, हे मी बघितलं आहे. मी ते विसरत नाही. तो विसरला.

मोठ्या बाई जाताना जे बोलल्या ते अक्षरशः खरं ठरलं. तेविसाव्या वर्षी म्हातारी झालेल्या मुलीला पुन्हा तरुण कुणी होऊ दिलं नाही. ती चौतिसाची असताना टीव्हीच्या मालिकेत तिला सासू केलं. तिचा मुलगा झालेला नट तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता! कॅमेरा जवळ आला की कपाळावरची माझी जाळी दिसते, असं म्हणून तिथल्या रंगवणाऱ्याने कात्री घेतली आणि मला विचारल्याशिवाय माझी पुढची दोन बोटं जाळी छाटून टाकली. टोपकाकांच्या आईचा डावा भांग त्या छाटण्यात अर्धा गेला. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? साडेचार वर्षं ती मालिका चालली. मग एके दिवशी कपडेपटातला माणूस तिला सहज म्हणाला, "ताई, तुमचा फोटो फ्रेम करायला पाठवलाय. भिंतीवर लावायला." तेव्हा तिला कळलं की पुढच्या सोमवारी आपण मरणार आहोत. तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सिनेमात तर विचारूच नका. सिनेमातल्या आईला एकच काम. दार उघडायचं, "आलास बाळा?" म्हणायचं आणि पडायचं. मी तिच्या डोक्यावर एकोणीस वेळा मेलो आहे. एकदा तिने दिग्दर्शकाला विचारलं, "पडायच्या आधी मी त्याच्याकडे जरा वेळ बघू का?" तो म्हणाला, "बाई, बघायचं काम हिरोचं आहे." ती मुकाट्याने पडली. घरी जाताना रिक्षात तिने मला पिशवीतून बाहेर काढलं आणि बोटांनी विंचरत म्हणाली, "आपली म्हातारी वेगळी होती, नाही का रे?" मला तिचं एवढंच वाक्य पुरतं. तिने पोटासाठी शंभर आया केल्या, पण आपली म्हणायची तिला ती एकच.

मास्तर थकले, कंपनी बंद झाली. पडदे कुणी नेले, दिवे कुणी नेले. मला उचलायला एक जण पुढे आला तेव्हा मास्तर ओरडले, "तो छोटीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसायचा नाही." दोन वर्षांनी मास्तर गेले आणि नाटकाचे हक्क बारक्याकडे आले. बारक्या तोवर सिनेमावाला झाला होता. त्याला आता सगळे सर म्हणायचे.

मग ती बातमी आली. बारक्या त्या नाटकाचा सिनेमा करणार. वर्तमानपत्रात दोन ओळी होत्या. छोटी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, दोघी एकत्र राहायच्या. ती बातमी वाचून छोटीने मला कपाटातून काढलं, बादलीत साबणाचं पाणी करून धुतलं आणि पातेल्यावर वाळत घातलं. दोन दिवस ती ओट्यापाशी उभी राहून नाटकातली वाक्यं म्हणत होती. एकही शब्द विसरली नव्हती. लेक म्हणाली, "आई, अजून कुणी विचारलं तरी आहे का तुला?" छोटी म्हणाली, "विचारायचं काय त्यात? बारक्याच करतोय ना."

बारक्या आला. फुलांचा हा एवढा गुच्छ घेऊन आला, पाया पडला, चहा घेतला.

"मावशी, तुझ्याशिवाय हा सिनेमा होऊच शकत नाही."

"मग कधीपासून येऊ?"

तो कपात बघायला लागला. "म्हणजे, तू हवीसच गं. पण पडद्यावर नाही. म्हातारीचं तरुणपणही दाखवायचंय मला. आणि खरं सांगू का, मोठ्या पडद्यावर तुझं जरा वय दिसतं."

"म्हातारी सत्तरची आहे रे. मी अडुसष्टची."

"तेच ना," बारक्या म्हणाला.

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मी मस्तकावरच राहतो, तेव्हा ती कशी लागते ते मला विचारा. तेविसाव्या वर्षी ही बाई सत्तरीची दिसायला चालली. अडुसष्टाव्या वर्षी सत्तरीची दिसायला चालत नाही. तुमच्यात कुणी गणितात हुशार असेल तर हे सोडवून दाखवा. भूमिका दिली होती छत्तीस वर्षांच्या एका मोठ्या तारकेला. छोटीने तिला चालणं, बसणं, बोलणं शिकवायचं, आणि मला उसना द्यायचं. "तू काय, घरचीच," बारक्या म्हणाला. 'घरचीच' हा शब्द फार सोयीचा असतो. तो लावला की माणसाला विचारावं लागत नाही.

तो गेल्यावर लेकीने कपबशा आपटल्या. "तू हो का म्हणालीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी नाही म्हटलं तर तिला कुणी शिकवणारच नाही. मग ती म्हातारी कशीही उठेल, कशीही बसेल. मला नाही बघवणार ते."

"तुला बघायला बोलावलंय कुणी?"

छोटीने मला पिशवीत घातलं.

तारकेचं डोकं मोठं. मी बसेना, म्हणून माझी जाळी मागून ब्लेडने चिरली. चाळीस माणसांच्या त्या सेटवर छोटीला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती, तीही कॅमेऱ्याच्या मागे. खरं बोलायचं तर तारका वाईट नव्हती. चार चार तास रंगायला बसायची, छोटीला "ताई, तुम्ही बसा ना" म्हणायची, एकेक पाऊल शंभरदा गिरवायची. मला तिचा राग करायचा होता आणि ती मला धड रागही करू देत नव्हती. एकदा तिने विचारलं, "ताई, हा हात डोक्याला का लावायचा?" छोटीने पिनेची गोष्ट सांगितली. तारका पोट धरून हसली आणि मग तिने विचारलं, "मग माझी पिन सुटलेली नसताना मी तो का लावू? थांबणं महत्त्वाचं ना?" ती बारक्याकडे गेली. बारक्या म्हणाला, "तो हात लोकांना माहीत आहे. हात पाहिजेच. थांबणं कमी कर. कॅमेरा नाकासमोर आहे, एवढा वेळ कोण बघत बसेल?"

त्या सिनेमात तारका सात वेळा डोक्याला हात लावते. शिंक आली तरी लावते. हात ठेवला आणि थांबणं टाकून दिलं! मास्तरांनी ज्याला हात लावायची हिंमत केली नाही, ते त्यांच्या पोराने केराच्या टोपलीत घातलं.

चित्रण संपलं. मला वाळलेल्या डिंकासकट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून परत पाठवलं. आठवड्याने बारक्या पुन्हा दारात उभा राहिला. तारकेचा आवाज म्हातारीला शोभत नव्हता, कितीही केलं तरी कोवळा वाटत होता. आता छोटीने आवाज द्यायचा होता. शिकवणं घेतलं, केस घेतले, आता गळाही पाहिजे. तोंड तेवढं नको.

"नको देऊस," लेक म्हणाली. "एकदा तरी नाही म्हण."

छोटी बराच वेळ बारक्याकडे बघत होती. मग म्हणाली, "देते. पण एक अट आहे. किल्ल्यांच्या प्रवेशात मी माझ्या वेळेनं बोलणार. तिथं मला पुरता पॉज पाहिजे, अकरा आकडे. त्याला कात्री लागायची नाही."

"नाही लागणार. तेवढा वेळ धाकट्याचा चेहरा दाखवीन मी. तुझ्या पॉजला केसाएवढा धक्का लागला तर नाव बदल माझं."

"मास्तरांची शपथ घे."

"बाबांची शपथ, मावशी."

तिला फक्त ते अकरा आकडे हवे होते. चेहरा गेला तरी चालेल, पण तिचं थांबणं पडद्यावर राहावं. ते राहिलं की म्हातारी तिचीच राहणार होती.

आवाज भरायच्या खोलीत चारी भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलं होतं. समोर पडदा, मध्ये माइक, काचेपलीकडे यंत्रापाशी आवाजवाला. मला डोक्यावर घेतल्याशिवाय तिला म्हातारी सापडेना. म्हणून चिरलेला, छाटलेला मी तिच्या डोक्यावर बसलो. पडद्यावर मीच दुसरीच्या डोक्यावर होतो. तिने थोरल्याची किल्ली घेतली, मधल्याची घेतली, डावा हात उचलून मला धरला आणि थांबली. पडद्यावरचे ओठ हलून गेले. ती थांबलेलीच. मग म्हणाली, "तू पण."

"ताई, उशिरा बोललात," काचेपलीकडून आवाजवाला म्हणाला.

"मी वेळेवर बोलले," छोटी म्हणाली. "ती लवकर बोलली."

आवाजवाल्याने ते वाक्य पुन्हा लावून ऐकलं, चित्राशिवाय. मग त्याने कानावरचं यंत्र काढून ठेवलं. बारक्याचे डोळे भरले होते. खोटं नाही सांगत, खरोखर भरले होते. "असंच ठेवू, मावशी," तो म्हणाला. त्या दिवशी मीसुद्धा त्याला माफ करायला निघालो होतो.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारी होता. नंतर तारकेबरोबर माझे फोटो काढायचे म्हणून मला घेऊन यायला सांगितलं होतं, त्यामुळे मी पिशवीतून छोटीच्या मांडीवर होतो. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि तिचा हात माझ्यावर होता. शेजारी लेक. पुढच्या रांगेत, अगदी समोर, बारक्या आणि त्याच्याशेजारी तारका. बारक्याने वळून छोटीचा हात दाबला. "आता बघ," म्हणाला.

किल्ल्यांचा प्रवेश आला. थोरल्याची किल्ली. मधल्याची किल्ली. तारकेने डोक्याला हात लावला आणि लगेच, लागलीच, छोटीच्या आवाजात: "तू पण." पाठोपाठ सनईपासून ढोलापर्यंत जे काही हाताशी होतं ते सगळं वाजायला लागलं. अकरा आकड्यांतला एकही शिल्लक नव्हता. यंत्राने तिचं थांबणं कापून फेकलं होतं आणि तिचे दोन शब्द त्या परक्या ओठांवर चिकटवले होते. म्हातारीने काहीच ठरवलं नव्हतं. तिने लाडक्या मुलाला घाईघाईत हाकललं, कचरा टाकावा तसं.

तिची बोटं माझ्या केसांत घट्ट रुतली आणि ती उभी राहिली.

"ओ आजी, खाली बसा, दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही. बारक्याने मान वळवली. "मावशी, बस ना. फार लांब होत होतं गं ते. मी तरी काय करू?" ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तारकाही वळली. मग त्यांच्या शेजारचे वळले, मग मागचे कुजबुजायचे थांबले. पडद्यावर सिनेमा चालूच होता आणि निम्मं थिएटर पडद्याकडे पाठ करून एका म्हाताऱ्या बाईकडे बघत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते मध्ये येणार नाही. सिनेमा पुष्कळ चालला. तारकेला बक्षीस मिळालं. ते घेताना तिने ताईंबद्दल चार वाक्यं सांगितली आणि टीव्हीवर दाखवताना नेमकी तीच कापली. मी कपाटात आहे. मला कसर लागली आहे.

लागू द्या. मित्रांनो, मला जपू नका. पांढरे केस मिळाले की माझ्यासारखा दुसरा टोप करता येईल, सात आठवडे लागतील इतकंच. पण तुमच्या घरात, शेजारी, रस्त्यावर कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला आठवत नाही असं धरून चालू नका. घड्याळाकडे बघू नका, हातातल्या फोनकडे तर मुळीच बघू नका. ते काहीतरी ठरवत असतं. तुम्हाला फक्त अकरापर्यंत मोजायचं आहे. तेवढं तर पहिलीतल्या पोरालाही येतं. बारक्याला आलं नाही, आणि मी त्याला ते कधीही माफ करणार नाही.

त्या थिएटरातही मी मोजत होतो. नऊ झाले. दहा झाले. बारक्याने तोंड उघडलं आणि मिटलं. अकरा झाले. छोटीने, जिच्या मांडीवर तो जेवला होता तिने, त्याच्यापुढे हात पसरला.

"तू पण," ती म्हणाली.